अठ्ठ्याऐंशी सालचे साक्षीदार

ब्राँक्स, न्यूयॉर्क
९ जुलै २०१८

ती. यव्हेटताईस,
कृ. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. उन्हाने रस्त्याचं डांबर मऊ झालंय आणि दुकानातला पंखा वारा सोडून बाकी सगळं देतो. गिऱ्हाइकं केस कापायला कमी आणि वाद घालायला जास्त येतात. परवा ओटिस खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला की हिप-हॉपचं सोन्याचं वर्ष म्हणजे १९९४. त्याची अर्धी दाढी झाली होती. मी वस्तरा खाली ठेवला आणि सांगितलं, आधी १९८८ कबूल कर, मग उरलेली अर्धी करतो. तो हट्टाने तसाच घरी गेला. दहा मिनिटांत बायकोने परत पाठवला.

चौऱ्याण्णवची गाणी वाईट होती असं मी म्हणत नाही. पण तोवर सगळे शहाणे झाले होते गं. अठ्ठ्याऐंशीत काय करायला बंदी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. एकाने जुन्या रेकॉर्डमधला ड्रम उचलावा, दुसऱ्याने बापाच्या जॅझमधला, तिसऱ्याने थेट चर्चमधला ऑर्गन. दर आठवड्याला नवा आवाज यायचा आणि आदल्या आठवड्याचा राजा बिचारा म्हातारा व्हायचा. रेडिओवरून कॅसेट भरताना बटणावरचं बोट आखडायचं. असं वर्ष पुन्हा झालं नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या वाचनालयात १८ ऑगस्टला त्या वर्षावर चर्चा ठेवली आहे. मंचावर दोघेच, डीजे सेल्विन आणि मी. माझ्या नावापुढे त्यांनी 'प्रत्यक्षदर्शी' असं छापलंय. तर मैदानातल्या त्या संध्याकाळचे बारीकसारीक तपशील मला ताबडतोब कळव. फोन करत नाही, कारण फोनवर तू हसतेस आणि मग मला काही सुचत नाही.

लोभ आहेच, तो १८ ऑगस्टपर्यंत तरी टिकव.

तुझा,
ड्वाइट


दरहॅम, नॉर्थ कॅरोलायना
१६ जुलै २०१८

चि. ड्वाइटास,
अ. आ.

पत्रात 'ताई' वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चव्वेचाळीस वर्षांत तू मला तीनदा ताई म्हणालास आणि तिन्ही वेळा तुझं मानगूट कुठेतरी अडकलेलं होतं.

प्रत्यक्षदर्शी! अरे, अठ्ठ्याऐंशीची शाळा सुटली त्याच आठवड्यात आईने तुला बसमध्ये कोंबून साउथ कॅरोलायनाला आजीकडे पाठवलं होतं. आपल्या गल्लीतली निम्मी मुलं दर उन्हाळ्यात जायची, त्यात लाजण्यासारखं काय आहे? ज्या संध्याकाळी सेल्विनने मैदानात स्पीकर लावले, तेव्हा तू ऑरेंजबर्गला वालाच्या शेंगा तोडत होतास. तिथला रेडिओ प्रवचन आणि कापसाचा भाव सोडून काही सांगत नव्हता. हे तूच मला लिहिलं होतंस.

तपशिलांचं म्हणशील, तर तीस वर्षं झाली रे. माझा गुडघा दुखतोय, टोमॅटोला कीड लागलीये, आणि टपाल खात्याची नोकरी सोडल्यापासून मी दुसऱ्यांची पत्रं पोचवण्याच्या काळजीतून सुटले तर तुझी सुरू झाली. ओटिसची माफी माग.

जेवण वेळेवर घे आणि बहिणीवरचा राग रविवारनंतर ठेवू नकोस.

तुझी,
यव्हेट


ब्राँक्स
२४ जुलै २०१८

ती. यव्हेटताईस (चौथ्यांदा),
कृ. सा. न. वि. वि.

मी तिथे नव्हतो हे तुला, मला आणि स्वर्गवासी आजीला ठाऊक आहे. तिसरी बोलणार नाही. तू बोलू नकोस.

मी नव्हतो, पण तुझं बारा पानी पत्र होतं. आजीच्या ओसरीवर बसून ते मी इतकं वाचलं की घड्यांवर फाटलं. सेल्विनने दिव्याच्या खांबातून वीज घेतली. ऐन रंगात खांबाने दगा दिला. सगळीकडे अंधार. मग आइस्क्रीमची गाडी आली आणि गाडीवाला म्हणाला, माझ्या जनरेटरवर वाजवा, पण माझ्या गाडीची धून एकदा तरी वाजली पाहिजे. सेल्विनने ती धूनच दोन्ही हातांत घेतली, पुढेमागे फिरवली, खाली ड्रम घातला, आणि सगळी गल्ली चार तास त्या टिंगटिंगवर नाचली. फ्रीज बंद पडल्यामुळे गाडीवाल्याने आइस्क्रीम फुकट वाटलं. सप्टेंबरात परत आल्यावर मुलांनी विचारलं, तू कुठे होतास, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की तिथेच होतो, गाडीला टेकून. तेव्हापासून खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगत आलोय.

पण आता शेजारी खुद्द सेल्विन बसणार! त्याने विचारलं की गाडी मैदानाच्या कुठल्या बाजूला होती, तर? त्याने काय घातलं होतं? ताई, या गल्लीत माझी जी काही पत आहे ती याच एका संध्याकाळवर आहे. ती गेली तर मी नुसता केस कापणारा उरेन.

उलट टपाली उत्तर दे, मग वाटेल तितकं चिडव.

तुझा अडकलेला,
ड्वाइट


दरहॅम
१ ऑगस्ट २०१८

चि. ड्वाइटास,
अ. आ.

हे पत्र बसून वाच. हातात वस्तरा आणि समोर कुणाचा गळा असेल तर मुळीच वाचू नकोस.

त्या संध्याकाळी मीही तिथे नव्हते.

आईची हॉस्पिटलात दुसरी पाळी होती. आपली धाकटी बहीण कीशा तेव्हा आठ महिन्यांची, दात येत होते, सारखी रडायची. आणि घरचा नियम तुला आठवतच असेल, मुलगे मैदानात, मुली इमारतीच्या पायऱ्यांच्या वर. मी खिडकीबाहेरच्या लोखंडी जिन्यावर कीशाला मांडीवर घेऊन बसले होते. तिथून मैदान दिसत नाही. समोरच्या इमारतीची पाठ आणि एक दिव्याचा खांब, एवढंच. स्पीकर सुरू झाले तशी खिडकीची काच थरथरायला लागली आणि कीशा रडायची थांबली. शब्द एकही कळत नव्हता. पंधरा मिनिटांनी खांबावरचा दिवा गेला, आवाज गेला, आणि लोक कुरकुरत घरी गेले. संपलं. आइस्क्रीमची गाडी त्या आठवड्यात आपल्या गल्लीत फिरकलीही नाही.

त्याच्या आदल्या दिवशी आजीचा फोन आला होता. तू जेवत नाहीस, बॅग भरून ओसरीवर बसतोस, परतीच्या बसची वेळ विचारतोस. तुला परत आणणं आईला शक्य नव्हतं. तिने फोन ठेवला आणि गणवेशातच स्वयंपाकघरात उभी राहिली. मला ते बघवेना. म्हणून मी कागद घेतला. पंधरा मिनिटांची हकीकत एका पानातही भरली नसती, आणि तुला पुष्कळ पानांची गरज होती.

तू ते गावभर सांगत सुटशील असं मला वाटलं नव्हतं. चुकलंच माझं.

रागाव, पण उत्तर पाठव.

तुझी,
यव्हेट


ब्राँक्स
६ ऑगस्ट २०१८

यव्हेट,

ताई नाही, नमस्कार नाही, काही नाही.

तीस वर्षं! मी त्या गाडीचा रंगसुद्धा सांगतो लोकांना! एका गिऱ्हाइकाच्या पोराच्या बारशाला सांगितलंय, एकाच्या मयताला सांगितलंय. सेल्विन मला सगळ्यांदेखत सोलून काढणार. वाचनालयाला कळवतो की मला ताप आला.

ड्वाइट


दरहॅम
१० ऑगस्ट २०१८

चि. ड्वाइटास,
अ. आ.

कार्डावर जागा कमी आहे म्हणून थोडक्यात. ताप आला असं कळवलंस तर मी स्वतः वाचनालयाला फोन करून तुझी तब्येत ठणठणीत असल्याचं सांगेन. एक खोटं मी सुरू केलं, दुसरं तू जोडलंस, तिसऱ्याची गरज नाही. उठ, उभा राहा, खरं सांग आणि घरी जाऊन जेव.

निळा सदरा घाल.

यव्हेट


ब्राँक्स
२० ऑगस्ट २०१८

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि. (पुन्हा सुरू केलंय.)

निळा सदरा घातला होता. ऐंशी खुर्च्या मांडल्या होत्या, सगळ्या भरल्या, माणसं भिंतीला टेकून उभी. सेल्विन पांढऱ्या सुटात, हातात काठी, आल्या आल्या सगळ्यांनी उठून टाळ्या वाजवल्या. मी ठरवलं होतं की पहिल्याच वाक्यात खरं सांगून टाकायचं. पण वाचनालयाच्या बाईंनी आधी त्याला बोलायला सांगितलं.

त्याने काय सांगितलं असेल? खांबाने दगा दिला, अंधार झाला, आणि आइस्क्रीमची गाडी आली! गाडीवाल्याने अट घातली, याने धून हातात घेतली, सगळं जसंच्या तसं, ताई, तुझ्या पानावरचं. वर आणखी सांगितलं की गाडीवाल्याचं नाव फर्नांडो होतं. लोक डोळे पुसत होते. आपल्या गल्लीतल्या मिसेस पिंकनी उठून म्हणाल्या की त्यांनी स्ट्रॉबेरी खाल्लं होतं. मागून कुणी म्हणालं स्ट्रॉबेरी नव्हतंच, लिंबाचं होतं. त्यावरून जुंपली ती पाच मिनिटं थांबेना.

मी उभा राहिलो. म्हणालो की मी त्या दिवशी इथे नव्हतो, साउथ कॅरोलायनात होतो. माझी बहीणही मैदानात नव्हती. आइस्क्रीमची गाडी आलीच नाही. ती बहिणीने माझ्यासाठी पत्रात आणली होती, आणि मी तीस वर्षं ती तुमच्यात फिरवली. मला माफ करा.

मग मिसेस पिंकनींनी विचारलं की मी नक्की कुठे होतो. मी म्हणालो, ऑरेंजबर्गला. तिथे काय करत होतास? शेंगा तोडत होतो. त्यावर त्या म्हणाल्या की मग बस खाली, जो माणूस त्या दिवशी दुसऱ्या राज्यात शेंगा तोडत होता त्याने इथल्या आइस्क्रीमबद्दल बोलू नये, ज्यांनी खाल्लं त्यांना बोलू दे. टाळ्या पडल्या! ओटिसनेही संधी साधली. तो म्हणाला की चौऱ्याण्णव कसंही असो, तो निदान त्यात स्वतः हजर होता. बाईंनी अगदी नम्रपणे माझ्या पुढ्यातली 'प्रत्यक्षदर्शी' पाटी उचलली आणि मिसेस पिंकनींना मंचावर बोलावलं. उरलेली चर्चा मी दाराजवळ उभं राहून ऐकली.

नंतर पाण्याच्या नळापाशी सेल्विनने माझी बाही धरली. आजूबाजूला बघून म्हणाला की त्याचा फ्यूज पंधराव्या मिनिटाला उडाला होता. दोन दिवस तो लाजेने घराबाहेर पडला नव्हता. मग सप्टेंबरात लोक येऊन त्याची पाठ थोपटायला लागले. आधी त्याला वाटलं टिंगल करतायत. मग हळूहळू त्याला गाडी आठवायला लागली. आता त्याला खरोखर आठवते, फर्नांडोच्या मिशीसकट. बहिणीला माझे आभार सांग, एवढं म्हणून तो काठी टेकत गेला.

ताई, तीस वर्षं मी घाबरत होतो की हे कुणाला कळेल. आता सगळ्यांना कळलं, आणि काहीच झालं नाही. आज दुकानात नेहमीएवढीच गर्दी होती. मला मात्र त्या दिवशी घरी येताना रस्ताभर ते बारा पानी पत्र आठवत होतं. ते आलं त्या दिवशी मी बॅग रिकामी केली आणि आजीकडे दुसऱ्यांदा भात मागून घेतला होता. हे तुला मी कधी लिहिलं नाही. आज लिहितो.

वाचनालयाच्या बाईंचं म्हणणं आहे की १५ सप्टेंबरला तू यावंस. खरी प्रत्यक्षदर्शी तूच, अशी त्यांची ठाम समजूत आहे. मी समजावून थकलो.

राग संपला. लोभ मात्र पहिल्यापेक्षा जास्त मागतोय.

तुझा,
ड्वाइट


दरहॅम
२७ ऑगस्ट २०१८

चि. ड्वाइटास,
अ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा हसले, आणि भाताच्या ओळीला रडले. तू उभा राहिलास त्याचा मला फार अभिमान वाटला. मिसेस पिंकनींची बोलणी खाल्लीस त्याचाही.

येते. बसचं तिकीट काढलं. १४ तारखेला संध्याकाळी पोचेन, माझ्यासाठी मासे तळून ठेव. पण मी प्रत्यक्षदर्शी म्हणून येत नाही, आणि कबुली द्यायला तर मुळीच नाही. तू एकदा दिलीस, तेवढी पुरे.

त्या उन्हाळ्यात मी सोळा वर्षांची होते. आपल्या गल्लीतल्या कुठल्याही मुलापेक्षा मला रेकॉर्ड जास्त पाठ होत्या. कुठल्या गाण्यातला ड्रम कुठल्या गाण्याखाली बसेल हे मी जिन्यावर बसून कीशाच्या पाठीवर थोपटून बघायची. एकदा सेल्विनच्या टर्नटेबलला हात लावू का असं विचारलं तर पोरं इतकी हसली की मी पुन्हा विचारलं नाही. त्या रात्री तुला लिहायला बसले तेव्हा पहिलं पान तुझ्यासाठी लिहिलं. दुसऱ्या पानापासून मी थांबूच शकले नाही. गाडी कधी आणायची, धून कुठे तोडायची, लोकांना कधी नाचवायचं, सगळं मी ठरवलं. तू ते पायरीवर बसून पोरांना सांगायचास तेव्हा मी वरच्या जिन्यावरून ऐकायची. तुला थांबवलं नाही, कारण सगळी गल्ली माझं ऐकत होती.

ती संध्याकाळ मी भरवली होती, ड्वाइट. एवढंच मला त्या ऐंशी खुर्च्यांना माझ्या तोंडून सांगायचंय. पटलं तर पटलं, नाही पटलं तर मिसेस पिंकनींनी खुशाल स्ट्रॉबेरी खावं. सेल्विनला सांग, त्याने घाबरू नये. त्याची पंधरा मिनिटं माझ्याकडून बाहेर जाणार नाहीत. फक्त पुढचे चार तास माझे आहेत.

ते फाटकं पत्र तुझ्याकडे असेल तर चिकटवून आण. आणि तू पहिल्या रांगेत बस. एखाद्या ठिकाणी खरोखर हजर राहून बघ, कसं वाटतं ते.

माया आहे तशीच आहे, तुझ्या वागण्याने तिच्यात फरक पडलेला नाही.

तुझी,
यव्हेटताई