आरशाचं ऊन

२० नोव्हेंबर १९७९, फर्दापूर

कंबर! आज दिवसभरात फक्त राणीची कंबर. एक रेघ — चौदा वेळा काढली, चौदा वेळा खोडली. ज्यानं ती भिंतीवर ओढली त्याचा हात जरासुद्धा कापला नसेल? दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस, नाव नाही, गाव नाही, आणि बाईच्या कंबरेबद्दल एवढं ठाऊक!

कॉलेजात असताना सहलीला आलो होतो तेव्हा काही कळलं नव्हतं. भेळ कुठं मिळते तेवढं बघितलं. आता औरंगाबादला नवं हॉटेल होतंय, त्याच्या हॉलसाठी या चित्राची नक्कल करायचीय. चार फूट बाय तीन, वीस दिवसांत. अजिंठ्याचं एक नंबरचं लेणं, डावीकडची भिंत. राजा महाजनक बसलाय आणि राणी सीवली त्याच्यावर रेललीय, अगदी सगळा भार टाकून. गोष्ट मला माहीत आहे. राजा सगळं सोडून निघालाय. पण बघताना गोष्ट विसरायला होतं. तिचा तो खांदा बघितला आणि माझेच कान तापले. वहीत लिहायला कसली लाज!

इथल्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात रंग खोटे दिसतात. म्हणून परवानगी काढून जुन्या रीतीनं ऊन आत घेतलंय. कारभारीबाबा बाहेर अंगणात मोठा आरसा धरून बसतात, वर मलमलीचं फडकं बांधलेलं, ऊन बोचू नये म्हणून. त्यांची बायको राजाबाई आत भिंतीशी बसते आणि ऊन कुठं आलं ते ओरडून सांगते. दोघं धनगर. मेंढरं आता मुलाकडे. चित्रं काढणारे, फोटोवाले आले की हे काम करतात. तीस वर्षं करतायत म्हणे.

२१ नोव्हेंबर

एक गंमत. सकाळी ऊन आत आलं की आधी राजाबाईच्या तोंडावर पडतं, मग राणीवर. कालही तसंच झालं होतं.

२३ नोव्हेंबर

आजही! न राहवून कारभारीबाबांना विचारलं. म्हणाले, "उन्हात बसल्यावर आतलं काय बी दिसत नाय, बाई. समदा अंधार. मंग कुठं मारायचं ऊन? ती 'आलं' म्हनली की हात बसतो. तिथून एक वीत डावीकडं तुमची राणी."

चला, सोयीची गोष्ट आहे तर. मी उगाच हळवी झाले.

दुपारी कारभारीबाबा आणि राजाबाई माझ्याजवळ बसून भाकरी खात होती. राजाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हे मला आज कळलं! मग उजेड तोंडावर आला हे कळतं कसं? "ऊब लागती की. पापनीवर." आणि मग हसली. "म्हातारं लबाड हाय. पयल्या साली मला चांगलं दिसत व्हतं तवा बी आधी माज्याच तोंडावर मारायचं. मी म्हनायची, आवं, भितीवर मारा की! तर म्हनायचं, भित काय पळून चालली व्हय?"

भिंतीवरची दोघं रंगवलेली आहेत. ही दोघं समोर भाकरी खातायत, एकच कांदा वाटून. कुणाची नक्कल करायची मी?

२४ नोव्हेंबर

राणीचे ओठ. हात लागत नाही. उद्या बघू.

२५ नोव्हेंबर, रविवार

आज नवरा आला होता. त्याचं नाव इथं लिहायला काय हरकत आहे? हेमचंद्र. लिहिलं. आता पुन्हा "हे".

हे पहिल्या गाडीनं आले. मी विसरलेला स्वेटर आणला. चित्रापुढे दोन मिनिटं उभे राहिले आणि विचारलं, "किती चौरस फूट झालं?" चौरस फूट! राणीचे ओठ चौरस फुटांत!

मग जे बाहेर गेले ते कारभारीबाबांच्या शेजारी दोन तास बसून. आरसा किती जड, हात किती वेळात भरून येतो, ऊन किती मिनिटांनी सरकतं. आतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. बायको आत बसलीय, पण यांचं सगळं लक्ष आरशाच्या वजनाकडे. चिकलठाण्याच्या कारखान्यात इंजिनियर आहेत ना. आमच्या लग्नाचा फोटो शहागंजच्या स्टुडिओतल्या माणसानं काढला. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि हे कॅमेऱ्याच्या स्टँडकडे. सहा वर्षं झाली, भिंतीवर तो फोटो आहे, आणि मी रोज बघते.

वाईट वागतात असं नाही. कधी आवाज चढवला नाही. पण माझ्याकडे कधी बघितलंय? अंधारात जे व्हायचं ते होतं. उजेडात — नाही. मला तर वाटतं, माझ्या गालावर तीळ कुठल्या बाजूला आहे ते त्यांना सांगता यायचं नाही.

राणी बिचारी. एवढी रेललीय आणि तो मनानं केव्हाच उठून गेलाय. मी राणीच्या बाजूची.

ते गेल्यावर अंतर्देशीय पत्र घेऊन बसले. पुण्याला कालिंदीच्या — माझ्या बहिणीच्या — शाळेत चित्रकलेची जागा आहे. हॉटेलचं काम झालं की तिकडेच जायचं. पत्रात चारच ओळी. "मी घरी परत येणार नाही. तुमचा काही दोष नाही…" चिकटवलं, पत्ता घातला. तोंडावर सांगायचं धैर्य नाही, म्हणून पोस्टानं. रंगांच्या पेटीत ठेवलंय.

२७ नोव्हेंबर

ओठ जमले! कारभारीबाबांचा हात थोडा थोडा थरथरतो, त्यामुळे ऊन भिंतीवर हलतं. त्या हलण्यात राणीचा खालचा ओठ किंचित सुटला. खरंच सुटला! मी ब्रश खाली ठेवला. राजाबाईला म्हटलं, मावशी, ती श्वास घेतेय. ती म्हणाली, "घेनारच की. मानूस जवळ बसल्यावर."

पत्र अजून पेटीतच. पोस्टाची पेटी नाक्यावर आहे, तिथवर जाणं होत नाही. जाणं होत नाही म्हणे! रोज तिथूनच येते.

२९ नोव्हेंबर

सिल्लोडला डोळ्यांचं शिबिर आहे. कारभारीबाबा राजाबाईला घेऊन गेले, पाच-सहा दिवस लागतील. जाताना म्हणाले, "तिला लई भ्या वाटतंय. मला बी." हातात काठी, काखेत तिचं बोचकं.

आता ऊन कोण आणणार? पहारेकरी साहेबराव यांनी आरसा धरून बघितला. लेण्याचं छत तेवढं झकास उजळलं.

३० नोव्हेंबर

काम बंद. दिव्यात बघितलं, सगळी मेल्यासारखी दिसतात. एसटीचाही भरवसा नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून नागपूरहून लाँग मार्च निघालाय, ठिकठिकाणी पोलीस माणसं धरतायत, गाड्या अडताहेत. साहेबराव म्हणाले, "नावच मागत्यात ना? द्यावं की." मग इकडे तिकडे बघितलं.

२ डिसेंबर, रविवार

अजब झालं. हे आले! गाडी नाही म्हणून कापसाच्या ट्रकमधून, केसांत कापूस घेऊन. आणि बरोबर काय, तर लोखंडी स्टँड. वर आरसा बसवायची चौकट, फिरवायला मूठ, खाली अंशांची अर्धगोल पट्टी आणि काटा. "बाबांचा हात दुखतो दोन तास धरून. त्यांच्यासाठी केला." बाबा सिल्लोडला गेलेत हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

अंगठ्याला पट्टी होती. विचारल्यावर तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. कारखान्यातला टर्नर कडुबा मोर्चाला गेला. गेल्या वर्षी दंगलीत त्याचं गावाकडचं घर जाळलं होतं. त्यानं रजा मागितली, वरच्या साहेबांनी नाही म्हटलं, यांनी सही केली. मग त्याचं लेथ मशीन कोण चालवणार? हेच. "सवय राहिली नव्हती," म्हणाले. एवढंच. वरच्या साहेबांनी काय केलं ते विचारलं, तर म्हणाले, "बोलले थोडं."

हा माणूस असं काही करतो हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षं.

स्टँडचा एक पाय दगडावर डुगडुगत होता. हे त्याखाली ठेवायला कागद शोधत बसले. मग ऊन आत आलं — आणि एकदम माझ्या डोळ्यांवर! "चुकलं. सॉरी," बाहेरून आवाज. मग राणीवर. अगदी नेमकं, जराही न हलता. कारभारीबाबांच्या उन्हात ती श्वास घ्यायची. आज स्थिर उन्हात ती थांबली आणि मला पहिल्यांदा तिची बोटं दिसली. किती बारीक, किती हलकी! एवढा भार टाकून बसलेली बाई, पण बोटं अशी टेकवलीत, जणू धरून ठेवायचा हक्क आपला नाही हे तिला कळलंय. बघता बघता डोळे भरून आले.

पण दर पाव तासानं ऊन सरकणार, पुन्हा आरसा लावणार, आणि दर वेळी आधी माझ्या तोंडावर! "चुकलं. सॉरी." सात वेळा! शेवटी मी ओरडले, "कारखान्यातही असंच चालतं का हो?"

जेवताना पत्राचं सांगणार होते. पेटी जवळच होती. त्यांनी विचारलं, "अजून थंडी वाजते का इथं?" नाही म्हटलं. संपलं बोलणं. कापसाच्याच ट्रकनं परत गेले.

उद्या टाकतेच. साहेबरावांच्या हाती देते म्हणजे पाय मागं यायला नको.

३ डिसेंबर

पत्र हातात घेऊनच बाहेर आले. साहेबराव चहा प्यायला गेले होते. तोवर स्टँड लावावा म्हणून वाकले तर अंशांच्या पट्टीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा. त्यांचं ते इंजिनियरी अक्षर. दहा — राणी. सव्वादहा — राणी. साडेदहा — राणी. सात वेळा राणी. आणि प्रत्येक राणीच्या आधी एक खूण — "शै". माझा, शैलाचा शै! सातही वेळा, वेळ घालून. चुकलेल्या गोष्टीची कुणी वेळ घालून नोंद ठेवतं का? एका "शै"पुढे आणखी बारीक अक्षरांत: "डावा गाल, तीळ".

पहिल्या रविवारी दोन तास बाबांच्या शेजारी काय शिकत बसले होते ते आत्ता कळलं. मी राणीच्या बाजूची म्हणे! सोडून तर मीच निघाले होते.

स्टँडचा पाय डुगडुगत होताच. पत्राची चौपदरी घडी केली आणि पायाखाली सारली. नीट बसला. अकरा वाजत आले होते. काटा अकराच्या "शै"वर आणला, आत जाऊन माझ्या जागी बसले आणि डोळे मिटले. पापण्यांवर ऊब आली.

साहेबराव दारातून ओरडले, "बाई, भितीवर नाय पडला उजेड! चुकलाय!"

"चुकला नाही," मी म्हटलं. "राहू द्या तिथंच."