सूर्यवंशींचा इस्त्रीचा शर्ट

शुक्रवार, रात्र

सोसायटीच्या गणपतीतलं नाटक यंदा मी बसवतेय; त्याच्या भूमिका आज संध्याकाळी वाटल्या. ऑफिसातल्या गोंधळाचं विनोदी नाटक. सूर्यवंशी चाकणहून फर्स्ट शिफ्ट संपवून थेट हॉलवर आले. हातात हँगर, त्यावर इस्त्री केलेला निळा शर्ट, साहेबाच्या भूमिकेसाठी. तो खिडकीच्या गजाला अडकवून त्यांनी साहेब वाचला. सगळ्यांत चांगला वाचला. तरी मी म्हटलं, "तुम्ही शिपाई करा. तुमचं लातूरकडचं बोलणं शिपायाला शोभेल. लोक हसतील."

सगळे तिथेच हसले. तेही हसले. मग हळूच म्हणाले, "साहेब आमच्याकडचे नसतेत का, ताई?"

मी विषय बदलला. मनात वाईट नव्हतं, असं आता लिहिणार होते. पण मग काय होतं? माझ्या स्वतःच्या ऑफिसातले साहेब परभणीचे आहेत. त्यांच्यापुढे मी असं बोलले असते?

घरी भाजी चिरतानाही तो शर्टच डोळ्यांसमोर. शेवटी त्यांना फोन केला. "साहेब तुम्हीच करा. आणि बोलता तसंच बोला."

"अन् शिपाई?"

"मी करते. तो पुणेरी बोलेल."

"लई बोलणी खाईल माझी!" मोठ्यानं हसले. आज पहिल्यांदाच मनापासून.

"उद्या तालमीला शर्ट तेवढा विसरू नका," मी म्हटलं.

ते म्हणाले, "तिथंच हाय की ताई, गजाला. मी नेलाच न्हाई."