लाइन बंद आहे, चढा

३ मार्च
आलो एकदाचे! वरच्या दोन खोल्यांत सामान चढवताना कंबरेचा काटा ढिला झाला, पण खिडकीतून अंगण आणि लोखंडी फाटक बघितलं आणि शीण पळाला. खाली बायकोचा मोठा भाऊ एकटाच राहतो. तो झाडावर जमिनीपेक्षा जोरात पळतो, म्हणून सगळे त्याला खार म्हणतात. मी दादाच म्हणतो. नोकरीही त्यानेच लावून दिली. विजेच्या तारांना टेकणाऱ्या फांद्या छाटणारी टोळी आहे, तिच्यात मी ‘खालचा माणूस’. गोदामात खोकी मोजण्यात पाच वर्षं घालवली, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. लहानपणी काच कोणी फोडली यावरून बहीणभाऊ संध्याकाळभर भांडले. हसून हसून माझं पोट दुखलं.

४ मार्च
आज मुकादमांनी काम समजावलं. चढणाऱ्याने झाडाकडे बघायचं, खालच्याने तारेकडे. आधी मी वीज कंपनीच्या कंट्रोल रूमला फोन करायचा. त्यांनी लाइन बंद केली असं सांगितलं की लांब काठीवरचा टेस्टर तारेला लावायचा. तारेत वीज असेल तर तो किंचाळतो. मग साखळीने तार जमिनीशी जोडायची, म्हणजे चुकून वीज आलीच तर जमिनीत जाईल. हे सगळं झाल्यावर मी मोठ्याने म्हणायचं, “लाइन बंद आहे, चढा.” त्याआधी कोणाचाही पाय जमिनीवरून उचलायचा नाही. ओली फांदी म्हणजे तारच समजायची.
शेवटची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. कोणी वर चिकटलाच तर, कितीही जवळचा असो, हात लावायचा नाही. पाय जुळवून, छोटी छोटी पावलं टाकत मागे यायचं, कारण जमिनीतही वीज पसरलेली असते. दादा म्हणाला, मुकादम हे मृत्युपत्र वाचल्यासारखं सांगतात. पण कमरेला पट्टा बांधताना तो स्वतः मात्र एकही विनोद करत नाही, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

८ मार्च
हात बसला आता. कंट्रोल रूममध्ये फोनवर एक म्हातारे गृहस्थ असतात. आवाज शांत, मायाळू. मी नाव सांगायच्या आत ओळखतात. “बंद केली. निश्चिंत चढा,” म्हणतात. असा माणूस पाठीशी असला की बरं वाटतं. माझं वाक्य मी घरी घोकत असतो. बायको ताट वाढताना म्हणते, “लाइन बंद आहे, जेवा.”

१२ मार्च
आज म्हाताऱ्यांनी एक गंमत केली. मी खाली उभा राहून काय म्हणतो ते त्यांना ऐकायचं होतं. म्हणून दाखवलं. पुन्हा म्हणा म्हणाले. मग जरा सावकाश. असं चार वेळा झालं. दादा झाडाखालून ओरडला, “पाहुणे, फोनवर सोयरीक जमवताय की काय?” सगळे हसले. मीही हसलो.
फोन ठेवल्यावर मात्र कानाला गार वाटत राहिलं.

१४ मार्च
आज फोनवरचा आवाज म्हातारा वाटला नाही. आणि ‘चढा’मधला शेवटचा आकार त्यांनी ओढला. तसा मी ओढतो. फोनमध्ये खरखर असेल म्हणून सोडून दिलं. टेस्टर गप्प होता. साखळी मी स्वतः लावली, दोनदा तपासली.
दादा खाली उतरला तो तळहात बघत. म्हणाला, खोड थरथरत होतं, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखं. वीस वर्षं झाडांवर काढलेला माणूस असं कधी बोलला नव्हता. मीही हात लावून बघितला. थरथर होती. वारा नव्हता.

१५ मार्च
कंट्रोल रूमकडून मुकादमांना चिठ्ठी आली. या महिन्यात तुमच्या टोळीने लाइन बंद करण्याची एकदाही मागणी केली नाही, काम बंद आहे काय? मुकादम म्हणाले, कारकुनाची डुलकी. उद्या आमच्याच गल्लीतलं काम आहे. मी मुकादमांना सांगून टाकलं, सकाळी आधी कंट्रोल रूमला जातो, त्या गृहस्थांना प्रत्यक्ष भेटतो, मी परत येईपर्यंत कोणी चढायचं नाही. ते हो म्हणाले. दादानेही शब्द दिला. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय बूटसुद्धा घालणार नाही, म्हणाला.

१६ मार्च
कंट्रोल रूममध्ये एक बाई असतात. दिवसपाळीला चार वर्षं त्या एकट्याच. म्हातारं कोणी नाही. कधीच नव्हतं. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. आमच्या भागात या महिन्यात लाइन एकदाही बंद केलेली नाही.
एकदाही नाही. नऊ दिवस दादा जिवंत तारांमध्ये फांद्या तोडत होता. मग टेस्टर का किंचाळला नाही? साखळी? बाई म्हणाल्या, चालू लाइनला साखळी लावली तर असा धमाका होईल की अख्खी गल्ली बाहेर येईल. मला पाणी दिलं त्यांनी.
तिथूनच मुकादमांना फोन लावला. त्यांचा फोन ट्रकच्या केबिनमध्ये असतो. कोणीतरी उचलला. मागे दादाचं हसणं ऐकू आलं. मग फोनमधून मीच बोललो. माझा आवाज. माझा ओढलेला आकार. लाइन बंद आहे, चढा.
मी धावत सुटलो. पुढचं आज लिहवत नाही.

१७ मार्च
दादा आमच्या फाटकासमोरच्या झाडावर होता. कसा होता ते लिहिणार नाही. बायको फाटकातून धावली. मी तिला मागून दोन्ही हातांनी धरलं आणि छोटी छोटी पावलं टाकत मागे ओढलं. शिकवलं होतं तसं. ती माझ्या मनगटाला चावली. सोड, दादा हाक मारतोय, एवढंच म्हणत होती. तो हाक मारत नव्हता. मारू शकत नव्हता.
बाईंनी लाइन बंद करेपर्यंत अकरा मिनिटं गेली. अकरा मिनिटं मी तिला धरून ठेवलं आणि लांब राहा, लांब राहा म्हणून सगळ्यांवर ओरडत होतो. त्यानंतर घसा बसला.

१९ मार्च
पोलिसांपुढे जबाब झाले. मुकादम, ट्रकचा ड्रायव्हर आणि माझी बायको, तिघांचं एकच म्हणणं. टेस्टर गप्प होता, ड्रायव्हरने साखळी लावली, मी परत आलो, ट्रकच्या पलीकडे उभा राहून हाक दिली. मला बघितलं कोणीच नाही, ऐकलं सगळ्यांनी. बायको साहेबांना म्हणाली, “सात वर्षांचा संसार आहे. नवऱ्याचा आवाज मला कळत नाही?” मी कागदावर लिहून दिलं की त्या वेळी मी कंट्रोल रूममध्ये होतो. बाईंनीही तसंच सांगितलं. साहेब दोन्ही कागद समोर ठेवून बसले. माझ्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही.
मग माझ्या फोनमध्ये आपोआप रेकॉर्ड झालेली संभाषणं ऐकवली. नऊ दिवसांची. पलीकडे कोणीच नाही. मी विचारतो, थांबतो, आभार मानतो. बारा तारखेला मी ते वाक्य कोणालाच नाही असं चार वेळा म्हणून दाखवतो. मग पाचव्यांदा.
मी चारदाच म्हणालो होतो.

२१ मार्च
डॉक्टर म्हणतात, घशात काही बिघाड नाही. पण आवाज नाही. खोकलासुद्धा नाही. तोंड उघडतो, हवा बाहेर येते.
बायको खालीच राहते. तिची मावशी आली आहे. जिन्याच्या दाराला खालून कडी लावतात. ताट पायरीवर ठेवतात. मी दार वाजवतो. कोणी येत नाही. तिचा राग नाही येत मला. मीही लावली असती कडी.

२२ मार्च
टोळीत नवा चढणारा आला. ड्रायव्हर खालून जाताना मी खिडकीच्या गजांतून चिठ्ठी टाकली — आवाजावर चढू नका, चेहरा बघा. त्याने वाचली, घडी घालून खिशात टाकली. वर बघितलं नाही.
दहा वाजता मागच्या गल्लीतून ऐकू आलं. मी. स्वच्छ, मोकळ्या गळ्याने. लाइन बंद आहे, चढा.
दिवसभर फांद्या पडत राहिल्या. काही झालं नाही. पहिले दिवस काही होतच नाही —

२३ मार्च
आज पुन्हा. काही झालं नाही.
मी आरशासमोर उभा राहून ओठ हलवून बघितले. बाहेर आवाज आला. कदाचित योगायोग —

२४ मार्च
सकाळी वादळ. फांदी मोडून तार खाली आली आहे. आमच्या फाटकावर पडली आहे. अंगणभर पाणी. मावशी बाहेर गेली आहे. बायको अनवाणी, पायरीवर उभी. शहाणी आहे, पुढे जात नाही —

कोणीतरी बोलतंय. फाटकापलीकडून. माझा आवाज नाही.
दादाचा.
लाडाने हाक मारतो तशी. ये, म्हणतोय. बंद आहे, म्हणतोय.
ती रडतेय. हसतेय. दादा, खरंच का, विचारतेय —

खिडकी बडवतोय. बघत नाही. सवय झाली आहे तिला माझ्या बडवण्याची. काच फोडली. तरी नाही. पायरी उतरली —

हे पान गजांतून टाकतो. मोठ्या अक्षरांत.

फाटकाला हात लावू नकोस. तो दादा नाही. वर बघ. एकदा फक्त वर ब