दोन हातांचं कापड

सोलापूर,
२२ ऑक्टोबर १९७५

प्रिय तम्मा वीरभद्रा,

अव्वाचे आणि तुझ्या अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र दसऱ्याच्या आधीच हातात पडलं होतं. उत्तराला उशीर झाला, तिकडे तुझा जीव टांगणीला लागला असेल, लागू दे. तीन वर्षं तू आमचा लावलासच की. शेठजींचा करार संपत आला, परतीचं तिकीट ते एकदाच काढून देणार, आत्ता घेतलं नाहीस तर स्वतःच्या कमाईतून एवढा समुद्र ओलांडून पुन्हा सोलापूर बघणं या जन्मात होणार नाही, आणि म्हणून ‘येऊ की राहू, अक्का, तूच सांग’ असं विचारलंस. लहानपणी पतंग घेऊ की भोवरा हेही मलाच विचारायचास. मी पतंग म्हटलं की भोवरा घेऊन यायचास. माझ्या तोंडून एक ऐकून मनातलं दुसरं पक्कं करायची तुझी खोड जुनीच आहे. पण हा भोवरा नाही रे, म्हणून मी घाई केली नाही.

आधी इथलं लिहिते. तुझ्या दाजींनी त्यांच्या गिरणीत तुझ्यासाठी शब्द टाकून ठेवलाय. दिवाळीनंतर कापड विणायच्या साच्यावर एक जागा होईल म्हणतात. गिरणीचं खरं काही नाही, कधी पाळी बंद तर कधी कच्चा माल नाही, पण निदान नोकरी म्हणता येईल असं काहीतरी आहे. अप्पांच्या माघारी त्यांचा हातमाग पडवीत तसाच उभा आहे. दुष्काळाच्या साली सूत परवडेना म्हणून तो थांबला आणि तू शेठजींचे माग बसवून द्यायला जावा बेटावर गेलास, तेव्हापासून त्याच्यावर कुणी बसलेलं नाही. मी त्यावर शाळेतल्या पोरींच्या वह्या तपासायला ठेवते. अव्वाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. डॉक्टर काढू म्हणतात, तर म्हणते कशी, ‘आता बघायचं काय ऱ्हायलंय?’ हात मात्र शाबूत आहेत, भाकरी अजून तीच थापते. आणि वळसंगच्या गुरप्पांची शिवबाई. तिचं मी तुला काय सांगायचं? जायच्या आधी त्यांच्या सोप्यात बसून, गूळखोबरं खाऊन, आलो की लग्न लावू असा शब्द तूच देऊन गेलास.

तुझं ते तिकडचं खेडं आता मला पाठ झालंय. बांबूच्या तट्ट्यांची घरं, दारात वाळत घातलेली मासळी, बायका मागावर आणि पुरुष होडीवर. दरवर्षी समुद्र थोडा थोडा किनारा खातो आणि मागच्या पावसाळ्यात त्यानं कोपऱ्यावरची दोन घरं नेली, हेही तूच लिहिलंस. बाहेरच्या मोठ्या यांत्रिक बोटी येऊन मासळी उपसून नेतात, गावच्या होड्या रिकाम्या परततात, तरणी पोरं शहराची वाट धरतात. शहरातून गिरणीचं स्वस्त कापड यायला लागलंय, त्यामुळे मागही किती वर्षं चालतील ते सांगता येत नाही. म्हणजे बघ, दोन्हीकडे सारखीच रड. पोट कुठं नीट भरेल एवढाच हिशेब असता तर मी कधीच लिहून मोकळी झाले असते.

पण मी मास्तरीण आहे बाबा, पोरांनी काय लिहिलं यापेक्षा काय लिहायचं टाळलं तिकडे माझं आधी लक्ष जातं. पहिल्या वर्षीची तुझी पत्रं म्हणजे नुसतं रडगाणं. सगळीकडे मासळीचा वास, एकाच भांड्यात सगळं शिजतं, केळी आणि उकडलेली कंदमुळं खाऊन दिवस काढतोय, ज्वारीची भाकरी स्वप्नात येते. अव्वा पत्र ऐकून जेवायची नाही. मग दुसऱ्या वर्षापासून जेवणाचं नावच गेलं. तिथं ज्वारी उगवली की काय? मासळी न शिवलेलं वेगळं भांडं तुझ्यासाठी कुणीतरी ठेवल्याशिवाय तू गप्प बसणारा नव्हेस. म्हाताऱ्या होडीवाल्याचं, शेठजींच्या मुनीमाचं, शेजारच्या बकरीचंसुद्धा तू लिहिलंस. ते भांडं ठेवणारीचं एक अक्षर नाही.

तरी मी मनाला समजावत होते. मग श्रावणात शेठजींच्या माणसाबरोबर दाजींसाठी लुंगी आली. ‘संध्याकाळी हातमागावर बसून मी स्वतः विणली’ असं तू लिहिलंस. चौकडे सुरेख होते, मला कुठं खोट दिसली नाही. अव्वानं ती मांडीवर घेतली आणि एका टोकापासून बोटं फिरवत आली. मध्यावर थांबली. परत मागं गेली, परत तिथंच थांबली. म्हणाली, ‘ह्ये एका हाताचं न्हाय. हितं हात बदललाय.’ मग मीही डोळे मिटून हात फिरवला. खरंच, अर्ध्यापर्यंत अप्पांनी तुला शिकवलेला फणीचा जड ठोका, कापड घट्ट. पुढं तेच सूत, तीच वीण, पण ठोका हलका आणि कापड मऊ.

आपल्या घरात मागावरचं अर्धं कापड दुसऱ्याच्या हातात देत नाहीत, हे तुला सांगायला हवं का? अप्पांनी सख्ख्या भावाला कधी आपल्या मागावर बसू दिलं नाही. ते तापानं फणफणले होते तेव्हा त्यांच्या अर्ध्या लुगड्यावर बसली ती फक्त अव्वा. तू ते विसरला नाहीस. विसरला असतास तर मला एवढं वाईट वाटलं नसतं. अव्वा एवढंच म्हणाली, ‘बाईमाणसाचा हात हाय. चांगला हाय.’ आणि लुंगी घडी करून स्वतःच्या उशाशी ठेवली. दाजींना ती अजून मिळालेली नाही.

मला रागही आला, वीरभद्रा, लई राग आला. त्या मुलीचा नाही, तुझा. तिची माणसं नमाज पढणारी असतील, आपली गळ्यात लिंग बांधणारी, ते तुम्ही दोघांनी बघा, कुणी कुणाला मोडायला लावू नका. पण शिवबाईचं काय? परवाच्या रविवारी एसटीनं वळसंगला गेले. गुरप्पांना सांगितलं की आमच्याकडून हे आता होत नाही, तुमच्या मुलीत काही उणं नाही, दोष आमच्या घराचा. ते उठून बैलांकडे गेले. तिची आई निंगव्वा तरी चहा घ्या म्हणाली. शिवबाई मला सोडायला एसटीपर्यंत आली. रडली नाही. गाडी दिसल्यावर म्हणाली, ‘अक्का, त्येंनी आदीच सांगाया पायजे हुतं की. न्हायतर मी म्हातारी हुईस्तवर वाट बघत बसले असते.’ मला वर बघवेना. आजच्या आज गुरप्पांना स्वतःच्या हातानं माफीचं पत्र लिही. मी तुझ्यासाठी खूप काही केलं, हे मात्र करणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं. तिकीट घेऊ नकोस. इकडे आलास तर साच्यावर उभा राहशील, लग्न करशील, आणि जन्मभर अर्धा माणूस होऊन आमच्यात वावरशील, ते मला बघवणार नाही. मला तू इथं हवा आहेस, हेही लिहून ठेवते, म्हणजे अक्कानं सहज सोडलं असं तुला वाटायला नको. त्या मुलीचं नाव कळव. अव्वा रोज विचारते आणि मी काय सांगू? तिनं एक निरोप लिहायला लावलाय, तिच्याच शब्दांत लिहिते : ‘त्येला म्हणावं, तितंच नीट ऱ्हा. मी वाट बघत न्हाय.’ ती खोटं बोलते, तम्मा. पोस्टमनची सायकल वाजली की डोळ्यांनी दिसत नसताना भिंत धरत दारापर्यंत जाते. तरी तू येऊ नकोस.

तुझीच,
अक्का