स्पार्टा नको, अथेन्स घ्या

४ नोव्हेंबर, मंगळवार

स्पार्टा! पुन्हा स्पार्टाच. फौजेतून सुट्टीवर येऊन नीट बूट काढले नाहीत तोवर ह्यांनी लॅपटॉप उघडला आणि तो जुन्या काळातल्या लढायांचा गेम लावला. ग्रीकांचं एक राज्य आपलं म्हणून निवडायचं आणि बाकीची सगळी जिंकायची. मी म्हटलं, अथेन्स घ्या — बंदर आहे, जहाजं आहेत, व्यापार आहे. "व्यापार काय करायचाय? लढायचं हाय," म्हणे. हवालदार वीरधवल साहेबांपुढं कोण बोलणार! चहा उशिरा दिला. तेवढंच माझ्या हातात.

६ नोव्हेंबर

जेवणानंतर दोघं खेळलो. हे भालेवाल्यांची फळी लावत होते. "फॅलँक्स आली बघ," म्हणाले, तर आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, शेंगा फोडता फोडता उठल्याच. "फलटणची आली व्हय? मग च्या टाका की!" पदर सारखा करून दारात जाऊन उभ्या. नणंदेचं सासर फलटण — त्यांना वाटलं, व्याही आले. हसून हसून बेजार. आता त्या फळीचं नाव फलटणच. "फलटण डावीकडं घ्या," मीही तसंच म्हणते.

हे हसताना लय चांगले दिसतात. तोंडावर कधी सांगितलं नाही.

७ नोव्हेंबर

खेळ नाही. हे ऊसतोडीची चौकशी करायला कारखान्यावर गेले.

९ नोव्हेंबर, रविवार

भांडण. गेमवरून, पण गेमचं नव्हे.

ह्यांनी सगळी फौज पुढं नेली, मागं स्पार्टात एक माणूस ठेवला नाही. शत्रू समुद्रातून उतरला आणि राजधानी गेली. मी बोलून गेले, "घर उघडं टाकून पुढं पळायची खोडच आहे तुमची." तिथं थांबायचं होतं. थांबले नाही. नोकरी पूर्ण होत आली — आता दोन वर्षं वाढवून घ्यायची की पेन्शनवर घरी यायचं, ते ह्यांनी पलटणीत कळवायचंय. मला एका शब्दानं विचारलं नाही. म्हणून म्हटलं, "स्पार्टात माणूस साठीपर्यंत फौजेतच असायचा म्हणे. तुम्हाला तेच राज्य आवडणार."

हे उठून गोठ्यात गेले आणि सकाळी धुतलेली म्हैस परत धुतली.

मला हे घरी हवेत. बस्स. लिहून टाकलं एकदाचं.

१२ नोव्हेंबर

दोन दिवस जेवणापुरतं बोलणं. आज दुपारी ह्यांनीच हाक मारली. "राजे, या हिकडं. अथेन्स घेतलंय. शहरं तुमी बघा, लढाई मी बघतो. थांब म्हणाल तितं थांबतो." राजेश्वरीचं राजे ह्यांनीच केलंय, आणि ते ऐकलं की माझा राग टिकत नाही. ह्यांना ते पक्कं ठाऊक आहे!

मी आधी खजिना भरला, मग तट बांधले. प्रत्येक शहरात राखणीला शिबंदी ठेवायला लावली. कुरकुरले, पण ठेवली. दिवेलागणीपर्यंत कॉरिंथ आपलं. आत्याबाईंनी विचारलं, "कोण जिकलं रं?"

"तुजी सून," हे म्हणाले.

२८ नोव्हेंबर

कोरेगाव स्टेशनवर ह्यांना सोडून आले. गाडी हलली तरी काय ठरवलं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आम्ही दोघंही असलेच. डब्यात चटणी जास्त झाली की काय, तेच डोक्यात घेऊन घरी आले.

३ डिसेंबर

फोन आला. वाढीव वर्षं नको म्हणून कळवलंय. मार्चअखेर कायमचे घरी!

आत्याबाई गल्लीत साखर वाटून आल्या. मी चुलीपुढं बसून राहिले. लग्नाला पंधरा वर्षं झाली — हे पलटणीत, मी इथं. सुट्टी संपल्यावर हे घरात कसे असतात, मला माहीतच नाही.