विहीर एक्केचाळीस बुजवली तेव्हा मी गावात नव्हते

मी, फिलोफ्तेया मर्गरित, कै. लिक्सांद्रु मर्गरित यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार स्कोरुशू, जिल्हा प्राहोवा, तेलविहिरीवरची निवृत्त कामगार, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझे गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. हे लिहिताना मला कुणी धमकावलेले नाही, दारू पाजलेली नाही आणि गोड बोलून गाडीतही बसवलेले नाही. हे शेवटचे का लिहिले ते पुढे कळेल.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाही असे वकिलीणबाई म्हणाल्या. कायद्याला लागत नसेल, मला लागतो. बिनसाक्षीच्या शब्दावर एकदा विसंबून झाले आहे.

कलम पहिले. माझे राहते घर, मागचे अंगण आणि आलुबुखाराची झाडे हे सर्व माझ्यामागे सेवेर ओलारू याला मिळेल, असे मी व माझे पती यांनी अनेकदा, जेवणाच्या ताटावर आणि चर्चच्या पायरीवरही बोलून दाखवले होते. ते वचन मी रद्द करते.

सेवेर कोण, हे न्यायाधीशाला माहीत नसणार म्हणून लिहिते. आम्हाला मूल झाले नाही. सेवेरच्या लग्नात त्याच्या मागे मोठ्या मेणबत्त्या धरून आम्ही दोघे उभे राहिलो. आमच्याकडे असे उभे राहणारे जन्मभराचे धर्मआईबाप होतात. दर नववर्षाला तो आणि मिओआरा कोंबडी, दारू आणि गोड पाव घेऊन आमच्या पाया पडायला येत. विहिरीचा आवाज ऐकून तिचे दुखणे कसे ओळखायचे, हे त्याला लिक्सांद्रुने शिकवले. पुढे तो शिकला, साहेब झाला, या भागातल्या सगळ्या विहिरी त्याच्या हाताखाली आल्या. आमची छाती फुगली. म्हातारपणी तो आम्हाला बघणार आणि घर त्याचे होणार, असे ठरलेलेच होते.

कलम दुसरे. कंपनीविषयी. घरामागची तेलविहीर क्रमांक एक्केचाळीस ही माझी नव्हे, तेव्हा ती कुणाला देता येत नाही. पण ती मी सांभाळली. तेलाबरोबर जो गॅस वर येतो तो नळीने आमच्या गल्लीतल्या घरांना मिळे. तो विहिरीवर राबणाऱ्यांचा हक्क होता, त्याला मीटर नव्हते. आमच्या बायका चुली विझवतच नसत. काडेपेटीला पैसे पडतात, गॅसला कुठे पडतात, असा आमचा हिशेब! उन्हाळ्यात खिडक्या उघड्या टाकू, पण चूल जळतीच. अख्ख्या गल्लीत एक कुऱ्हाड नव्हती. लागेल कशाला?

मग जगात तेलाचा भाव पडला. आम्ही खुळ्यासारखे आनंदलो. शेजारच्या पांदेलेने जर्मनीहून आलेली जुनी गाडी घेतली आणि हॉर्न वाजवत गल्लीतून फिरला. "फिलोफ्तेयाताई, पेट्रोल पाण्याच्या भावात आलंय! चला, समुद्र दाखवतो!"

मी म्हटले, "आधी त्या गाडीला दुसरा दिवा बसव, मेल्या. एका डोळ्याने समुद्र काय दिसणार?"

त्याच हिवाळ्यात सेवेर माझ्या टेबलाशी येऊन बसला. कोबीच्या पानातले सारमाले त्याने तीनदा वाढून घेतले. मी विचारले, "लोक म्हणतात लहान विहिरी बंद होणार. खरं का रे?"

"भाव इतका खाली गेलाय धर्मआई, की एक्केचाळीसचं तेल विकून तिच्या विजेचं बिलसुद्धा निघत नाही."

"मग तेल राहू दे जमिनीत. गॅस तेवढा सोड."

तो हसला. "तेल उपसल्याशिवाय गॅस येतो होय? गाय नको पण दूध हवं, असं झालं हे."

"सेवेर, सरळ सांग. बंद करणार आहेस?"

त्याने माझा हात हातात घेतला. "तुझ्या विहिरीला मी हात लावीन का? डागडुजी करतोय फक्त. भाव चढला की जोरात चालेल. ईस्टरला तू बुझाऊला बहिणीकडे जाऊन ये. आवाज, चिखल, तुला त्रास कशाला? मी सोडतो ना."

त्याने सोडले. स्वतःच्या गाडीतून, बहिणीसाठी कोकराचे मांस घेऊन, वाटेत गाणी म्हणत. ईस्टर करून मी बसने परतले तेव्हा मान हलवून तेल उपसणारे यंत्र जागेवर नव्हते. विहिरीच्या तोंडात सिमेंट ओतलेले होते आणि त्यावर माझ्याच कोंबड्यांची पावले उमटलेली होती. अंगणातली नळी कापून तिच्या तोंडाला झाकण ठोकले होते. त्यानंतर भाव चढला. आता पांदेले पंपावर शिव्या देतो. पण भाव चढल्याचे सिमेंटला कोण सांगणार?

पिकते तिथे विकत नाही म्हणतात. आमच्याकडे पिकते तिथे पेटतसुद्धा नाही.

कंपनीला माझ्याकडून ती कापलेली नळी. घेऊन जावी. येताना दार वाजवून यावे.

कलम तिसरे. कुणी म्हणेल, म्हातारी उगाच त्या पोरावर डूख धरून बसली, भाव काय त्याने पाडला? नाही. भाव जगाने पाडला, विहीर आज ना उद्या बंद झालीच असती, हे मला कळते. तो टेबलाशी बसून "धर्मआई, बंद करावी लागतेय" म्हणाला असता, तर मी रडले असते आणि त्याला चौथ्यांदा वाढले असते. पण मला गाडीत बसवून गावाबाहेर नेले, ते जगाने नव्हे. आणि मी नसताना गल्ली जाब विचारायला जमली तेव्हा तो म्हणाला, "धर्मआईने होकार दिलाय. नाहीतर ती अशी उठून गेली असती का?" ते तर मुळीच जगाने नव्हे. माझ्या नावाची पुण्याई त्याने माझ्याच गळ्यावर फिरवली. पुढे त्याची प्लोएश्तीला बढती झाली. तिथे त्याच्या भिंती गरम असतात म्हणे.

कलम चौथे. म्हणून माझे घर, अंगण आणि झाडे मी समोरच्या झाम्फिरा दुमित्राके हिला देते.

हीच झाम्फिरा मला कुंपणावरून ओरडली होती, "काय गं फिलोफ्ते, कितीला विकलंस आम्हाला?" पाव आणायला गेले की दुकानातल्या बायका गप्प होत. एकीने तर माझ्या तोंडावर क्रूसाची खूण केली, जणू हडळ बघितली. मी सांगून पाहिले, पण साहेबाच्या शब्दापुढे म्हातारीचा शब्द कोण धरतो? पहिला हिवाळा मी अंगावर तीन झगे घालून काढला. घरची शेगडी गॅसची, लाकूड घातले की धूर घरात. आणि लाकूड फोडायचे कशाने, हेही गल्लीला माहीत नव्हते. पांदेलेने डोंगरातून लाकडे आणली, स्वस्त पेट्रोल जाळून महाग लाकूड. सगळ्यांच्या दारात टाकली, माझे दार सोडून.

जानेवारीत झाम्फिरा दार न वाजवता आत आली. खोलीच्या मधोमध उभी राहिली. तोंडातून वाफ निघत होती, तिच्याही आणि माझ्याही.

"विकणारीच्या घरात एवढी थंडी नसते," ती म्हणाली.

मी वरचा झगा छातीशी आवळून घेतला.

"गप्प काय बसलीस, म्हातारे? ऊठ. माझ्याकडे चल. घाटा शिजतोय, करपला तर तुझ्याच डोक्यावर ओतीन."

तिने माफी मागितली नाही आणि मी ती शोधली नाही. त्यानंतरचे हिवाळे आम्ही एकाच चुलीपाशी काढले आहेत. घराला एकच अट: नवी लाकडाची शेगडी बसवावी, आणि कडाक्याच्या थंडीत ज्याला घरी ऊब नाही त्याला बसू द्यावे. दुकानातल्या त्या बायकांनासुद्धा. त्यांना दाराजवळची जागा द्यावी.

कलम पाचवे. लिक्सांद्रुचे नट आवळायचे मोठे पाने आणि कंदील पांदेलेला. पाने नीट पुसून ठेवावेत. त्याच्याबद्दल माझ्या मनात जे आहे ते मी त्याला तोंडावर सांगितले आहे, इथे शाई घालवत नाही. बँकेत आहे ते दफनाला आणि जेवणाला. दारू पाणी घातलेली नको.

कलम सहावे. आता सेवेर.

हे कलम मी बऱ्याचदा लिहून फाडले. एकदा लिहिले, त्याला विझलेली शेगडी द्यावी, तिच्यापुढे त्याने हात शेकावेत. पाद्री ईरिमिया यांना वाचून दाखवले. ते दाढी खाजवत म्हणाले, "फिलोफ्तेया, रीत विसरलीस? मेलेल्याच्या नावाने इथे जे देतात, तेच त्या मेलेल्याला परलोकात मिळतं. त्याला थंड शेगडी दिलीस तर अनंतकाळ तिच्यापुढे कोण बसेल?"

"मग काहीच देत नाही त्याला."

"धर्ममुलगा आहे. मेणबत्ती धरलीस. ते नातं कागदाने तुटत नाही."

मी घरी येऊन विचार केला. रीत माझ्या आईची, तिच्या आईची. ती मोडण्याची छाती मला नाही आणि थंडी तर मला मुळीच सोसत नाही.

तेव्हा माझ्या कबरीपाशी, सगळ्या गल्लीसमोर, माझी मेंढीच्या लोकरीची जाड घोंगडी सेवेर ओलारू याच्या हातात द्यावी. ती मी स्वतः विणली आहे, घरातली सर्वांत उबदार वस्तू आहे. ती त्याने पांघरावी, रीतीप्रमाणे "देव तिला देवो" असे मोठ्याने म्हणावे. त्याला बोलावणे पाठवताना खोटे काही सांगू नये. धर्मआई मेली, ये, एवढेच सांगावे.

मी त्याला क्षमा केलेली नाही. मला तिथे ऊब हवी आहे.

स्वहस्ते लिहून, पुन्हा वाचून, सही केली.

फिलोफ्तेया ल. मर्गरित

माझ्या समक्ष सही झाली, बाई शुद्धीवर होत्या व रागातही होत्या:
पाद्री ईरिमिया स्तान, स्कोरुशू
व्हेरोना काझाकू, टपाल वाटणारी, स्कोरुशू

स्थळ: स्कोरुशू, झाम्फिराच्या चुलीपाशी
दिनांक: २ नोव्हेंबर २०१८