रुळायला किती दिवस

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की मी काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. इथेच रायपुरात एका मोठ्या संस्थेत आहे. कर्मचाऱ्यांच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं, हे माझं काम. त्यासाठी कॉम्प्युटरवर आम्ही खोटी माणसं तयार करतो, खऱ्यांइतकीच. कोण कोणाशी बोलतं, एकाची नाराजी किती जणांत पसरते, हे त्यात भरायचं, आणि एखादा निर्णय घेतला तर पुढे काय होईल ते आधीच पाहायचं.

शाळेत असताना तुमचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये आले होते, तो दिवस आठवतो. एक फिटर सगळ्यांकडे पाठ करून एकटाच जेवतोय. तुम्ही डबा उचलता आणि काही न बोलता त्याच्याजवळ जाऊन बसता. संध्याकाळी घरी मी विचारलं, "बाबा, त्याले काही विचारलं काहून नाही?" तुम्ही म्हणालात, "इचारलं असतं तं 'काही नाही' म्हनला असता. बसून राहिलो, तवा बोलला."

गेल्या वर्षी साहेबांना जुने गट मोडून माणसं वेगवेगळ्या विभागांत मिसळायची होती. नव्या जागी माणूस किती दिवसांत रुळतो, याची माहिती आमच्याकडे नव्हती. मी अंदाजाने आकडा घातला. कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा आलेख थोडा खाली गेला, मग वर आला. साहेब खूश झाले. गट मोडले.

दोन महिन्यांनी स्टोअरमधून दुसऱ्या विभागात टाकलेली एक बाई माझ्याकडे आली. अभनपूरहून रोज येणारी, एकोणीस वर्षं त्याच तिघींबरोबर काम केलेली. "दीदी, उहां मोर संग कोनो नइ गोठियावय," ती म्हणाली. तिकडे तिच्याशी कुणी बोलतच नव्हतं, तिला परत जुन्या जागी जायचं होतं. मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "थोड़े दिन रुक जाओ, ठीक हो जाएगा." ती मान हलवून "हव" म्हणाली आणि उठली. पुढच्या महिन्यात तिने नोकरी सोडली.

बाबा, मी आधी दुसरा आकडा घालून पाहिला होता. माणूस हळू रुळतो असं धरलं, तर आलेख वर येतच नव्हता. तो मी कुणाला दाखवला नाही. कुणी मागितलाच नव्हता, असं स्वतःला सांगत आले.

आता आणखी चार विभाग मोडायचे आहेत. कागद सोमवारी सहीला जातील. तो आलेख साहेबांना पाठवावा म्हणून सकाळपासून बसून राहिले आहे. दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, आणि तुम्हाला लिहायला घेतलं. तुम्ही मला काही विचारणार नाही, म्हणून.